पेशी मेली हे कळते, पण कशी मेली? अ‍ॅपॉप्टोसिस आणि नेक्रोसिस ओळखणारे फ्लुरोसंट रंग

थोडक्यात

• अ‍ॅपॉप्टोसिस म्हणजे पेशीचे नियोजित, शिस्तीत होणारे मरण. नेक्रोसिस म्हणजे इजेमुळे पेशी फुटून होणारे मरण.
• प्रयोगशाळेत हा फरक पाहण्यासाठी बहुधा दोन फ्लुरोसंट रंग एकत्र वापरतात. एक पेशीपटलाची बाहेरची बाजू तपासतो, दुसरा पटल फुटले आहे का हे सांगतो.
• एकटा रंग फक्त ‘पेशी मेली’ एवढेच सांगतो. ती कशी मेली हे कळण्यासाठी दोन रंग, केंद्रकाचा आकार आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेले नमुने हे सगळे एकत्र पाहावे लागते.
• ही बहुतांशी संशोधनातील तपासणी आहे. नेहमीच्या उपचारात रुग्णाला ती सहसा सांगितली जात नाही.

‘अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात’ अशी बातमी किंवा जाहिरात आपण वाचतो. सोबत काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या-लाल ठिपक्यांचे छायाचित्र असते. ते ठिपके काय दाखवतात, काय दाखवत नाहीत आणि त्यावरून किती निष्कर्ष काढावा, हे या लेखात पाहू. वैद्यकीय, औषधनिर्माण आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी हीच तपासणी करावी लागते. त्यांना उपयोगी पडतील असे बारकावेही पुढे दिले आहेत.

पेशी मरण्याचे दोन मार्ग

शरीरात रोज असंख्य पेशी मरतात आणि ते निरोगीपणाचेच लक्षण आहे. आतड्याचे अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत नवे होते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी आपले काम संपले की मरतात. गर्भाच्या बोटांमधली पडद्यासारखी त्वचा नाहीशी होते म्हणून बोटे सुटी होतात. हे मरण पेशी स्वतःच घडवून आणते, त्यासाठी ऊर्जा खर्च करते. पेशी आक्रसते. केंद्रकातील डीएनए घट्ट गोळा होतो आणि त्याचे तुकडे पडतात. पेशीपटलाला फुगे येतात आणि शेवटी पेशीच्या छोट्या छोट्या पुड्या होतात. या पुड्यांचे पटल शाबूत असते, त्यामुळे आतला ऐवज बाहेर सांडत नाही. शेजारच्या पेशी आणि मॅक्रोफेज त्या गिळून टाकतात. आसपास दाह होत नाही. हा अ‍ॅपॉप्टोसिस.

नेक्रोसिसची गोष्ट वेगळी आहे. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटला, त्वचा भाजली, एखादे विष जास्त प्रमाणात पोटात गेले, तर पेशीची ऊर्जा संपते. पाणी आत शिरून ती फुगते, पटल फाटते आणि आतले विकर व प्रथिने बाहेर पडतात. त्यामुळे आसपास दाह सुरू होतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात ट्रोपोनिन वाढते, ते हृदयाच्या पेशींमधून असेच बाहेर आलेले असते.

घराचे उदाहरण घेऊ. एक घर मालकाने ठरवून पाडले. आधी सामान बांधले, मग कौले उतरवली, शेवटी भिंती. दुसरे घर भूकंपात कोसळले. काही दिवसांनी दोन्हीकडे ढिगाराच दिसेल. नुसता ढिगारा पाहून घर पाडले की कोसळले हे सांगणे कठीण असते. पेशींच्या बाबतीत नेमकी हीच अडचण आहे आणि पुढची सगळी पद्धत या अडचणीवर मात करण्यासाठी आहे.

‘अ‍ॅपॉप्टोसिस’ हे नाव १९७२ साली जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अलेस्टर करी या तिघांनी आपल्या शोधनिबंधात वापरले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ झाडाची पाने किंवा फुलाच्या पाकळ्या गळून पडणे असा आहे. पुढे एका सूक्ष्म कृमीवर काम करून या मरणामागची जनुके शोधण्यात आली. अवयवांची वाढ आणि नियोजित पेशीमृत्यू यांचे जनुकीय नियंत्रण उलगडल्याबद्दल सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

फ्लुरोसंट रंग पेशीला कोणते प्रश्न विचारतात?

फ्लुरोसंट रंगावर एका विशिष्ट रंगाचा प्रकाश टाकला की तो दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत देतो. निळा प्रकाश टाकला तर हिरवा, हिरवा टाकला तर लाल, असे. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपमध्ये हा प्रकाश डोळ्यांनी दिसतो. फ्लो सायटोमीटर या यंत्रात पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात आणि प्रत्येकीचा प्रकाश मोजला जातो. एका नमुन्यात साधारण दहा हजार पेशी काही मिनिटांत मोजून होतात.

मरणाचा प्रकार ओळखण्यासाठी तीन साधे प्रश्न विचारले जातात.

१. पेशीपटल शाबूत आहे की फाटले आहे?
२. पटलाच्या आतल्या बाजूचा एक विशिष्ट मेद बाहेर आला आहे का?
३. केंद्रक कसे दिसते? एकसारखे, गोळा झालेले की तुकडे पडलेले?

पहिला प्रश्न: पटल फाटले का?

यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा रंग म्हणजे प्रोपिडियम आयोडाइड. त्यावर दोन धन विद्युतभार असतात, त्यामुळे शाबूत पटलातून तो आत जाऊ शकत नाही. पटल फाटले असेल तर तो आत शिरतो, डीएनएच्या पायऱ्यांमध्ये जाऊन बसतो आणि त्याची चमक वीस ते तीस पटींनी वाढते. केंद्रक लाल दिसते. ७-एएडी हा रंगही याच कामासाठी वापरतात.

म्हणजे हा रंग दाराला कुलूप आहे की दार तुटले आहे एवढेच पाहतो. पेशी नेक्रोसिसने मेली असो किंवा अ‍ॅपॉप्टोसिसच्या शेवटच्या टप्प्यात असो, दार तुटले असेल तर ती लालच दिसणार. अ‍ॅपॉप्टोसिस नुकताच सुरू झालेली पेशी मात्र या रंगाला जिवंतच वाटते, कारण तिचे पटल अजून धड असते. जुन्या पद्धतीतला ट्रिपॅन ब्लू हा साधा निळा रंगही एवढेच सांगतो.

दुसरा प्रश्न: आतला मेद बाहेर आला का?

पेशीपटल हा मेदाचा दुहेरी पडदा असतो. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेद निरोगी पेशीत जवळजवळ सगळा आतल्या पदरात असतो. तो चुकून बाहेर गेला तर फ्लिपेज ही प्रथिने त्याला परत आत आणतात आणि हे काम सतत चालू असते. अ‍ॅपॉप्टोसिस सुरू झाला की कॅस्पेज नावाचे विकर ही फ्लिपेज निकामी करतात आणि दोन्ही पदरांतील मेदांची सरमिसळ करणारे दुसरे प्रथिन सुरू करतात. फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येतो. मॅक्रोफेजला तो ‘ही पेशी उचलून न्या’ असा इशारा असतो.

मानवी वारेतही सापडणारे अ‍ॅनेक्सिन व्ही हे प्रथिन कॅल्शियमच्या उपस्थितीत या मेदाला घट्ट चिकटते. त्याला हिरवा फ्लुरोसंट रंग जोडला की बाहेर आलेला फॉस्फॅटिडिलसेरीन हिरवा चमकतो. अ‍ॅनेक्सिन हे मोठे प्रथिन असल्याने शाबूत पटलातून आत जात नाही. म्हणूनच पटल धड असताना दिसलेला हिरवा रंग बाहेरच्या बाजूचा असतो.

मात्र पटल फाटले असेल तर अ‍ॅनेक्सिन आत शिरते आणि आतल्या पदरातील मेदाला चिकटते. नेक्रोसिसने मेलेली पेशीही मग हिरवी दिसते. अर्थात, एकट्या हिरव्या रंगावरून अ‍ॅपॉप्टोसिस ठरवता येत नाही.

दोन रंग एकत्र: चार चौकोनांचा आलेख

अ‍ॅनेक्सिन व्ही आणि प्रोपिडियम आयोडाइड एकत्र वापरले की फ्लो सायटोमीटर एक आलेख देतो. आडव्या अक्षावर बहुधा अ‍ॅनेक्सिनची हिरवी चमक आणि उभ्या अक्षावर प्रोपिडियमची लाल चमक असते. पेशी चार चौकोनांत विभागल्या जातात.

• खालचा डावा चौकोन (हिरवी नाही, लाल नाही): जिवंत पेशी.
• खालचा उजवा (हिरवी, पण लाल नाही): अ‍ॅपॉप्टोसिसची सुरुवात. मेद बाहेर आला आहे, पटल अजून शाबूत आहे.
• वरचा उजवा (हिरवी आणि लाल दोन्ही): पटल फाटले आहे. अ‍ॅपॉप्टोसिसचा शेवटचा टप्पा किंवा नेक्रोसिस, दोन्ही शक्यता.
• वरचा डावा (फक्त लाल): सुटी केंद्रके, हाताळणीत फुटलेल्या पेशी, काही वेळा नेक्रोसिसच्या पेशी किंवा कॅल्शियम कमी पडल्याने नीट न रंगलेला नमुना.

अनेक प्रबंधांत ‘वरचा डावा चौकोन म्हणजे नेक्रोसिस आणि वरचा उजवा म्हणजे उशिराचा अ‍ॅपॉप्टोसिस’ असे सरळ लिहिलेले असते. ही वाटणी सोयीची असली तरी बरोबर नाही. पटल फाटलेल्या पेशीत अ‍ॅनेक्सिनही शिरते, म्हणून नेक्रोसिसच्या बऱ्याच पेशी वरच्या उजव्या चौकोनातच जाऊन बसतात. या चौकोनात ढिगारा दिसतो. घर पाडले की कोसळले हे तिथे लिहिलेले नसते.

तिसरा प्रश्न: केंद्रक कसे दिसते?

यासाठी मायक्रोस्कोपखाली पेशी प्रत्यक्ष पाहाव्या लागतात. होएश्ट ३३३४२ हा रंग जिवंत पेशीतही शिरतो आणि अतिनील प्रकाशात केंद्रक निळे दाखवतो. जिवंत पेशीचे केंद्रक मोठे, फिकट आणि एकसारखे निळे असते. अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये ते लहान आणि झगझगीत निळे दिसते किंवा त्याचे गोल गोल तुकडे झालेले असतात. सोबत प्रोपिडियम आयोडाइड घातले तर पटल फाटलेल्या पेशीही त्याच वेळी लाल दिसतात.

कमी खर्चाची, म्हणून महाविद्यालयांत लोकप्रिय असलेली जोडी म्हणजे अ‍ॅक्रिडिन ऑरेंज आणि इथिडियम ब्रोमाइड. पहिला रंग सगळ्या पेशींत शिरतो आणि डीएनएला हिरवा करतो. दुसरा फक्त पटल फाटलेल्या पेशींत शिरतो आणि नारिंगी रंगाने पहिल्यावर मात करतो. चार चित्रे दिसतात.

• केंद्रक एकसारखे हिरवे: जिवंत पेशी.
• केंद्रक हिरवे, पण त्यात चकचकीत गोळे किंवा तुकडे: अ‍ॅपॉप्टोसिसची सुरुवात.
• केंद्रक नारिंगी आणि तुकडे पडलेले: अ‍ॅपॉप्टोसिसचा शेवटचा टप्पा.
• केंद्रक नारिंगी, पण आकाराने अखंड आणि एकसारखे: नेक्रोसिस.

चार चौकोनांच्या आलेखात जी माहिती मिळत नाही ती इथे मिळते. तिसरे आणि चौथे चित्र आलेखात एकाच चौकोनात असते, मायक्रोस्कोपखाली मात्र त्यांचे आकार वेगळे दिसतात. तरीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अ‍ॅक्रिडिन ऑरेंज पेशीतील आम्लयुक्त पिशव्यांत साठून तिथे नारिंगी-लाल दिसतो. तो नारिंगी रंग केंद्रकाचा समजू नये. दुसरे म्हणजे नेक्रोसिसमध्येही केंद्रक काही वेळा आक्रसते किंवा विखुरते, त्यामुळे शंभर-दोनशे पेशी मोजल्याशिवाय आणि कोणता नमुना कशाचा हे मोजणाऱ्यापासून लपवल्याशिवाय आकड्यावर भरवसा ठेवू नये.

वेळ हाच खरा पुरावा

शरीरात अ‍ॅपॉप्टोसिस झालेल्या पेशी मॅक्रोफेज लगेच उचलतात. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींना उचलणारे कोणी नसते. अ‍ॅपॉप्टोसिसने मेलेली पेशी तिथेच पडून राहते आणि काही तासांनी तिचेही पटल फुटते. याला दुय्यम नेक्रोसिस म्हणतात. २४ किंवा ४८ तासांनी एकच नमुना घेतला तर शिस्तीत मेलेल्या आणि फुटून मेलेल्या पेशी सारख्याच दिसतात.

उपाय सोपा आहे. वेगवेगळ्या वेळी नमुने घ्यायचे. उदाहरणासाठी दोन औषधांचे काल्पनिक आकडे पाहू.

औषध ‘क’: ६ तासांनी २५ टक्के पेशी फक्त हिरव्या, ५ टक्के हिरव्या-लाल. २४ तासांनी १० टक्के फक्त हिरव्या, ६० टक्के हिरव्या-लाल.

औषध ‘ख’: ६ तासांनी ४ टक्के फक्त हिरव्या, ५५ टक्के हिरव्या-लाल. २४ तासांनी ५ टक्के फक्त हिरव्या, ६५ टक्के हिरव्या-लाल.

फक्त २४ तासांचा आलेख पाहिला तर दोन्ही औषधे सारखीच वाटतात. ६ तासांचा आलेख सांगतो की ‘क’ औषधाने पेशी आधी ‘फक्त हिरव्या’ टप्प्यातून गेल्या, म्हणजे अ‍ॅपॉप्टोसिसची शक्यता जास्त. ‘ख’ औषधात हा टप्पा दिसलाच नाही. पेशी थेट फुटल्या असाव्यात. तरीही ‘ख’ बाबत निष्कर्ष काढण्यापूर्वी एक, दोन आणि तीन तासांचे नमुने पाहायला हवेत, कारण काही पेशींत पहिला टप्पा फार लवकर उरकतो.

रंगांच्या निकालाला दुजोरा कसा मिळवावा?

कॅस्पेज: अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये कॅस्पेज-३ हा विकर जागा होतो. त्याने कापल्यावरच चमकणारे फ्लुरोसंट पदार्थ मिळतात. जागृत कॅस्पेज-३ ओळखणारी प्रतिपिंडेही मिळतात.

कॅस्पेज रोखून पाहणे: कॅस्पेज अडवणारा पदार्थ आधी घातला आणि मरण थांबले किंवा लांबले, तर ते अ‍ॅपॉप्टोसिस असण्याचा पुरावा भक्कम होतो. काहीच फरक पडला नाही तर दुसरा मार्ग शोधावा.

तंतुकणिका: जेसी-१ हा रंग निरोगी तंतुकणिकांत साठून लाल चमकतो. त्यांचा विद्युतदाब घसरला की हिरवा दिसतो. अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये हे बऱ्याचदा लवकर घडते, पण नेक्रोसिसमध्येही घडते. म्हणून हा फक्त पूरक पुरावा आहे.

टनेल तपासणी: यात डीएनएची तुटलेली टोके चमकवली जातात. ऊतींच्या कापांवर ती उपयोगी आहे. नेक्रोसिसमध्येही डीएनए तुटतो, त्यामुळे टनेल चमकला म्हणजे अ‍ॅपॉप्टोसिसच, असे धरू नये.

इथे आणखी एक गुंतागुंत आहे. पेशी फुटून होणारे मरणही काही वेळा नियोजित असते. नेक्रोप्टोसिस आणि पायरोप्टोसिस ही त्याची दोन उदाहरणे. नेक्रोप्टोसिसमध्ये पटल फुटण्याआधी फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येऊ शकतो, म्हणजे ‘फक्त हिरवी’ पेशीदेखील दर वेळी अ‍ॅपॉप्टोसिसचीच असते असे नाही. दोन रंगांच्या तपासणीनंतर कॅस्पेजची तपासणी करायची ती यासाठी.

नेहमी होणाऱ्या चुका

तरंगणाऱ्या पेशी फेकून देणे. मरणाऱ्या पेशी भांड्याच्या तळापासून सुटतात आणि द्रवात तरंगतात. द्रव ओतून टाकला तर मेलेल्या पेशींचाच हिशेब जातो आणि औषध निरुपयोगी वाटते.

पेशी खरवडणे किंवा ट्रिप्सिनमध्ये जास्त वेळ ठेवणे. यामुळे जिवंत पेशींचे पटलही फाटते आणि नेक्रोसिस वाढलेला दिसतो.

कॅल्शियम विसरणे. अ‍ॅनेक्सिन कॅल्शियमशिवाय चिकटत नाही. पेशी सुट्या करताना वापरलेला ईडीटीए नीट धुतला नाही तर तो कॅल्शियम पकडून ठेवतो.

आधी पेशी स्थिर करणे. फॉर्मलिन किंवा अल्कोहोलने पटलाला भोके पडतात. त्यानंतर घातलेले प्रोपिडियम आयोडाइड सगळ्याच पेशींना लाल करते.

उशीर करणे. रंग घातल्यावर साधारण १५ मिनिटे अंधारात ठेवून तासाभरात मोजणी करावी. ताटकळलेल्या नमुन्यात पेशी मरत राहतात.

तुलनेचे नमुने न ठेवणे. रंग न घातलेला, फक्त हिरवा घातलेला, फक्त लाल घातलेला आणि औषध न दिलेला असे नमुने हवेतच. हिरव्या रंगाचा थोडा प्रकाश लाल मोजणीत सांडतो, तो वजा करण्यासाठी एकेका रंगाचे नमुने लागतात. शिवाय स्टॉरोस्पोरिनसारख्या पदार्थाने अ‍ॅपॉप्टोसिस घडवलेला आणि उष्णता देऊन मारलेला असे दोन ओळखीचे नमुने सोबत असले तर चौकोनांच्या रेषा अंदाजाने आखाव्या लागत नाहीत.

औषधाचा स्वतःचा रंग विसरणे. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध स्वतःच नारिंगी-लाल चमकते आणि केंद्रकातच जाऊन बसते. जिवंत पेशीही मग ‘लाल’ मोजली जाते. हळदीतील कर्क्युमिन हिरवे चमकते आणि अ‍ॅनेक्सिनच्या हिरव्या मोजणीत मिसळते. म्हणून औषध दिलेला, पण रंग न घातलेला नमुना आवर्जून ठेवावा. वनस्पतींच्या रंगीत अर्कांवर काम करणाऱ्यांनी तर नक्कीच.

सुरक्षितता: इथिडियम ब्रोमाइड आणि प्रोपिडियम आयोडाइड डीएनएमध्ये शिरतात, म्हणून ते हातमोजे घालूनच हाताळावेत. उरलेले द्रव बेसिनमध्ये ओतू नयेत, प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे वेगळे जमा करावेत.

बातमी किंवा जाहिरात वाचताना

कर्करोगाच्या पेशी भांड्यात वाढवून त्यांच्यावर अर्क टाकणे हा संशोधनाचा पहिला टप्पा आहे. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून पेशी मागवून देशभरातील विद्यार्थी असे प्रयोग करतात. हे काम आवश्यक आहे, पण त्याची मर्यादा ओळखायला हवी. पुरेशा प्रमाणात घातले तर मीठ, साबण किंवा अल्कोहोलही भांड्यातल्या कर्करोगाच्या पेशी मारते. त्या वेळी प्रोपिडियम आयोडाइड तितकेच लाल चमकते. म्हणून हिरव्या-लाल छायाचित्राखाली पुढील प्रश्नांची उत्तरे आहेत का ते पाहावे.

• निरोगी पेशींवर हाच अर्क टाकला तेव्हा काय झाले?
• किती प्रमाण वापरले? तोंडावाटे घेतल्यावर रक्तात तेवढे पोहोचते का? कर्क्युमिनचे उदाहरण बोलके आहे. ते आतड्यातून फार कमी शोषले जाते आणि शोषलेलेही शरीर लवकर बाहेर टाकते.
• मरण अ‍ॅपॉप्टोसिसचे होते हे एका आलेखावरून ठरवले की आणखी पुरावा दिला?
• प्राण्यांवर आणि नंतर माणसांवर चाचण्या झाल्या का?

या पायऱ्या पार करून उपचारात आलेले औषधही आहे. काही रक्तकर्करोगांच्या पेशींत बीसीएल-२ हे प्रथिन जास्त असते आणि ते अ‍ॅपॉप्टोसिस अडवून ठेवते. व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी हा अडसर काढते. २०१६ साली अमेरिकेत तिला पहिली मान्यता मिळाली. पेशी कशी मरते हे नीट तपासण्याचे मोल इथे कळते.

काही तपासण्या अर्धवट सोडून केवळ भांड्यातील प्रयोगाच्या भरवशावर चालू उपचार थांबवणारे रुग्ण डॉक्टरांना भेटतात. त्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. असा अर्क किंवा काढा घ्यायचाच असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांना सांगावे, कारण काही वनस्पती केमोथेरपीच्या औषधांचा परिणाम बदलू शकतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्या गाठीवर ही तपासणी करून घ्यावी का?
सहसा गरज नसते. गाठीचे निदान बायोप्सी आणि प्रतिपिंडांच्या तपासण्यांवर होते. कोणते औषध लागू पडेल हे अ‍ॅनेक्सिन तपासणीवरून ठरवण्याची प्रथा नाही. हे रंग रुग्णालयात वेगळ्या कामांसाठी मात्र वापरतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वी मूळपेशींपैकी किती जिवंत आहेत हे ७-एएडीने मोजतात. वंध्यत्वाच्या काही तपासण्यांत शुक्राणूंचा डीएनए किती तुटला आहे हे टनेलने पाहतात.

बायोप्सीच्या अहवालात ‘नेक्रोसिस’ लिहिले आहे. म्हणजे काय?
हे निरीक्षण साध्या रंगाच्या काचपट्टीवर केलेले असते. कारणे वेगवेगळी असतात. वेगाने वाढणाऱ्या गाठीला रक्त अपुरे पडले की तिच्या आतला भाग मरतो. क्षयरोगात पनीरासारखा दिसणारा नेक्रोसिस आढळतो. हाडाच्या ऑस्टिओसार्कोमा या कर्करोगात केमोथेरपीनंतर गाठीचा बहुतेक भाग नेक्रोसिसने मेलेला असेल तर उपचार लागू पडल्याचे ते चिन्ह असते. त्यामुळे हा शब्द एकट्याने वाचून घाबरू नये, पूर्ण अहवाल डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

अ‍ॅपॉप्टोसिस चांगला आणि नेक्रोसिस वाईट, असे म्हणता येईल का?
नाही. अ‍ॅपॉप्टोसिस कमी झाला तर नको असलेल्या पेशी टिकतात आणि कर्करोगाला वाव मिळतो. पक्षाघात किंवा हृदयविकारानंतर तोच जास्त झाला तर वाचू शकणाऱ्या पेशीही जातात. कोणती पेशी, कुठे आणि कधी मरते यावर चांगले-वाईट ठरते.

एकच तपासणी परवडत असेल तर कोणती करावी?
फ्लो सायटोमीटर उपलब्ध असेल तर अ‍ॅनेक्सिन व्ही आणि प्रोपिडियम आयोडाइड, किमान तीन वेगवेगळ्या वेळी. नसेल तर अ‍ॅक्रिडिन ऑरेंज आणि इथिडियम ब्रोमाइड वापरून मायक्रोस्कोपखाली काळजीपूर्वक मोजणी. दोन्हीतही निष्कर्ष लिहिताना ‘हिरव्या-लाल पेशी’ असे जे दिसले ते आधी लिहावे. ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ हा शब्द दुसरा पुरावा हाती आल्यावरच वापरावा.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. स्वतःच्या आजाराबाबतचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.